सर, तुमच्यावर एक सिनेमा काढलाय

सर,

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, इथूनच माझी चिडचिड सुरू होते. लोह्याच्या मामाला त्याची पोरं दादा म्हणायची, शेजारच्या घरी पप्पा होते, वरच्या मजल्यावर अब्बा होते. आमच्याकडे सर. क्लासची पोरं सर म्हणायची, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सर म्हणायचा, आणि आईसुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून "सर, भाकरी टाकू का?" असंच विचारायची. तिने तुम्हाला दुसरी कुठली हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. म्हणून मीही सर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या दाढीत पांढरं आलं, तरी आज कागद पुढे ओढल्यावर हातातून तेच उतरलं. असो. सांगायचं ते एवढंच की मी एक सिनेमा काढलाय. छोटा आहे, दोन चहा होईपर्यंत संपतो. त्यात तुम्ही आहात. लोक म्हणतात तो तुमच्यावर आहे. मी तो तुमच्याविरुद्ध काढला होता.

तुम्ही पाहिलेला मी हडकुळा, चष्मेवाला, पहिल्या बाकावरचा. आताचा मी नांदेडला राहतो, आई माझ्याजवळ असते. आमचा चौघांचा बँड आहे. वरातीपुढचा नव्हे, दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि माझा गळा. आम्ही आमचीच गाणी म्हणतो, मराठीत, कान किटेपर्यंत मोठ्याने. नांदेडात याला रॉक म्हणणारे थोडे आणि 'ते वरडनारे' म्हणणारे जास्त. त्यावर पोट भरत नाही, म्हणून साऊंड भाड्याने देतो, लग्नाला, गॅदरिंगला, कुठल्या दुकानाच्या उद्घाटनाला. जयंतीला मात्र आम्ही स्वतः ट्रकवर चढून वाजवतो आणि पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या माझ्या गिटारवर नाचतात. ते पाहून तुम्ही कपाळाला हात लावला असता की गर्दीत मागे उभं राहून पायाने ठेका धरला असता, मला सांगता येत नाही. सख्ख्या बापाबद्दल एवढं साधं सांगता येऊ नये याचा मला संताप येतो.

तुमचं मोठेपण मला ठाऊक नाही असं समजू नका. आजोबा जळकोटच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. तिथून उठून तुम्ही केमिस्ट्रीत एमएस्सी केलंत आणि लातूरला, जिथे गल्लोगल्ली डॉक्टर घडवायचे क्लास, तिथे एका अडत दुकानाच्या वर पत्र्याचा हॉल घेऊन स्वतःची पाटी लावलीत. लोक पाटीवर आधी तुमचं आडनाव वाचायचे आणि मग विषय. काही आईबाप अर्ध्या जिन्यातून परत फिरायचे, हे मला आईने सांगितलंय. तुम्ही कधी तोंडातून काढलं नाहीत. आणि तरी तो हॉल भरला. उदगीरची, अहमदपूरची, पार तेलंगणाच्या कडेची पोरं भाड्याच्या खोल्या घेऊन तुमच्याकडे शिकायला लागली. त्यांच्याशी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, गावाकडचा एक शब्द येऊ द्यायचा नाहीत. घरी येऊन सफारीचं वरचं बटण काढलंत की जळकोटचं बोलणं सुरू व्हायचं. मला ती दोन वेगळी माणसं वाटायची आणि मला घरातला माणूस आवडायचा.

अकरावीला तुम्ही मला क्लासमध्ये बसवलंत आणि घरातला माणूस हळूहळू येईनासा झाला. पहिल्याच दिवशी जिन्यात थांबवून म्हणालात, "इथे तू माझा मुलगा नाहीस, विद्यार्थी आहेस." मी मान हलवली. मला वाटलं, इथे म्हणजे हॉलमध्ये. मग एक दिवस जेवताना, ताटात वरण येतंय न येतंय तोच, तुम्ही प्रश्न टाकलात. बेंझिनचं नायट्रेशन सांग. मी उठून उभा राहिलो, हातात भाकरीचा तुकडा तसाच. चुकलो. तुम्ही म्हणालात, "बस खाली." आई म्हणाली, "सर, जेवू तरी द्या लेकराला." तुम्ही तिलाही क्लासच्या मराठीत उत्तर दिलंत, की सवय एकदा लागली म्हणजे लागली. पुढची दोन वर्षं मी उभ्याने जेवलो असं म्हटलं तरी चालेल.

मला केमिस्ट्री आली नाही, सर. यात बंड वगैरे काही नव्हतं, गिटार तर तेव्हा मी लांबूनसुद्धा पाहिली नव्हती. मी घासली, पाठ केली, पहाटे उठलो, आणि तरी ती मला आली नाही. काही जणांना येत नाही. बारावीचा निकाल लागला त्या दुपारी तुम्ही हॉलमध्ये नव्या फ्लेक्सचा मजकूर तपासत होता. त्या वर्षी तुमच्या बऱ्याच पोरांना मेडिकलला पुरतील एवढे मार्क पडले होते. त्यांचे पासपोर्ट फोटो ओळीने आणि मधोमध सफारीतले तुम्ही. मेडिकल सोडा, मला साधे बरे म्हणावे असे मार्क नव्हते. मी बाकाशेजारी उभा राहून ते सांगितले. तुम्ही फ्लेक्सवरून मान वर केली नाहीत. म्हणालात, "बस खाली." माझ्याशी तुम्ही बोललेलं हे शेवटचं. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात.

तीन वर्षं! एकाच घरात, एकाच मोरीत पाठोपाठ अंघोळी करून. अजून डोळ्यापुढे येतं. आई परातीपाशी बसलीय, तुम्ही पाटावर, मी दारात. तुम्ही आईला म्हणता, "त्याला सांगा, गेटची कडी लावून घे." मी हाताच्या अंतरावर आहे. आई माझ्याकडे वळते, "कडी लावून घे म्हणत्यात." मी आईला म्हणतो, "लावली म्हणून सांग." आई तुमच्याकडे वळते. तिच्या हातातली भाकरी तेवढ्यात थापायची राहते आणि कडेला चिरते. तुम्ही माझ्याशी का बोलत नव्हता, ते मला ठाऊक आहे. नव्या बॅचच्या वेळी कुणीतरी जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "सरच्या पोराचं आसं, मंग आमच्या पोराचं काय व्हईल?" आणि तो खाली उतरला, त्याच्यामागे आणखी काही उतरले. पाटी वाचून परत फिरणाऱ्यांची तोंडं तुम्ही हॉल भरून बंद केली होती, आणि माझ्यामुळे ती पुन्हा उघडली. मला हे कळतं. कळून राग कमी होत नाही. जिन्यातल्या एका परक्या माणसाने टाकलेलं वाक्य तुम्ही तीन वर्षं माझ्याकडून भरून घेतलंत.

मी तिथेच बी.ए.ला नाव घातलं आणि एका मंडपवाल्याकडे माइक-स्पीकरची कामं शिकलो. गिटारही तिथेच भेटली. तुम्ही एका दुपारी फळ्यासमोर शिकवता शिकवता खाली बसलात आणि उठला नाहीत. तुमचं शेवटचं वाक्यसुद्धा क्लासच्या वाट्याला गेलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराशेजारी मांडव घातला होता. साऊंड आमच्या मंडपवाल्याचं, तेव्हा मिक्सरवर मीच. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आणि मग तुमचे विद्यार्थी एकामागून एक माइकवर यायला लागले. सर मला म्हणाले होते, घाबरू नकोस. सर मला म्हणाले होते, फीचं नंतर बघू. एक मुलगी म्हणाली, तिचे वडील वारले त्या महिन्यात तुम्ही रोज क्लास सुटल्यावर तिच्याशी बोलत बसायचात. प्रत्येकाला तुम्ही काही ना काही म्हणाला होतात. मला वाटलं, खटका ओढावा आणि सगळं बंद करून टाकावं. पण त्या मुलीचा आवाज फार बारीक होता, मागच्यांना ऐकू जात नव्हतं, म्हणून मी तिचा माइक वाढवला. मग पुढच्या वक्त्यासाठी पुन्हा कमी केला.

हा राग मी गाण्यांत घालून पाहिला. तिथे तो टिकेना, लोक त्याच्यावर नाचायला लागायचे. आमचा ड्रमवाला एरवी लग्नांचं शूटिंग करतो. मागच्या वर्षी त्याने नवा कॅमेरा घेतला आणि म्हणाला, "तुझ्या त्या सरांवर काहीतरी करू यार, नाहीतर तू आमचं डोकं खात राहशील." तुमचा हॉल अजून आहे. खाली अडत बंद पडलीय, वर कबुतरं. मालकाने वापरायला दिला. गोष्ट अशी मी लिहिलीच नाही. मला पडायची ती स्वप्नं एकापुढे एक ठेवली. बाकांवर पोरं बसलीत आणि मानेवर डोक्यांच्या जागी पाण्याचे जार आहेत, लातूरला घरोघरी येतात ते निळे. सर फळ्यावर लिहितात आणि अक्षरं घरंगळून जमिनीवर पडतात. पोरं ती केरसुणीने गोळा करून आपापल्या जारात भरतात. ज्याचा जार भरला तो उठतो, भिंतीवरच्या फ्लेक्समध्ये शिरतो आणि तिथून फोटो होऊन बघत राहतो. पहिल्या बाकावरच्या एकाचा जार तळाला फुटका आहे. त्याच्या जारात काही राहत नाही. सर टेबलावर डस्टर आपटतात आणि प्रत्येक आपटण्यासरशी तो लहान लहान होत जातो, शेवटी खडूच्या खोक्यात मावेल एवढा होतो. सर त्याला दोन बोटांनी उचलून खोक्यात ठेवतात, झाकण लावतात आणि पुढचं समीकरण लिहायला घेतात. मागे आमच्या गिटारी आणि ड्रम, अंगावर येणारे. नाव दिलं 'बस खाली'.

तुमचं काम कोण करणार हा प्रश्न होता. नाटकातल्या एक-दोघांना विचारून पाहिलं. ते इतके दुष्ट व्हायला लागले की मलाच पटेना. शेवटी मी दाढी उतरवून मिशी ठेवली, केसांना तेल लावून भांग पाडला, आणि आईने ट्रंकेतून तुमचा राखी सफारी काढून इस्त्री करून दिला. तो मला मापात बसला. त्याचाही राग आला. दुपारी मी तसाच स्वयंपाकघरात गेलो, नीट दिसतोय का विचारायला. आई विळीवर भेंडी चिरत होती. तिने वर पाहिलं, विळी बाजूला सारली आणि डोक्यावर पदर घेतला.

"आई, मी आहे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला. बसा."

मला ती कधी बसा म्हणत नाही. मी बसलो. आई बोलायला लागली, आणि ते मला नव्हतं.

"सर, लई दिसांनी सापडलात. तीन साल म्या तुमचं न् लेकराचं टपाल वाहिलं. त्याला सांगा, त्यांना सांग. मी काय घरात पोस्टमन होते? लोकाच्या लेकरांला शिकवून शिकवून डॉक्टर केलंत, न् आपल्या लेकराला जेवलास का म्हणाया जीभ उचलंना तुमची. त्याचं सोडा. मला तरी कवा काही इचारलंत? मला केमिस्ट्री येत न्हाई म्हून?" तिने हाताने जमीन थोपटली. "बोला की. का बोलत नव्हता, तेवढं तरी सांगा आज."

मी त्या सफारीत घामाने निथळलो. तुमच्या वतीने मी काय म्हणायचं? माफी मागायची तर ती मी का मागू? तुमची बाजू घ्यायची तर तीही मीच का? आई माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. बराच वेळ गेल्यावर तिने विळी पुढे ओढली आणि एक भेंडी उचलली. "हाव," ती म्हणाली, "बराबर करायलास. आसंच गप बसायचे." संध्याकाळी ती गुणगुणत होती, शेजारणीशी हसून बोलत होती. मी मात्र दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, आणि ते माझ्या लक्षात आल्यावर तुमचाच आणखी राग आला.

सिनेमा पहिल्यांदा लातूरला दाखवायचा हा हट्ट माझा. ज्या गावाने तुमचे फ्लेक्स पाहिले त्याने हेही पाहावं. एका वाचनालयाचा हॉल मिळाला. पोस्टर ड्रमवाल्याने केलं: फळा, फळ्यासमोर सफारीतला मी, पुढे जारवाली पोरं, खाली वार आणि वेळ. त्याने ते लावलं नेमकं क्लासच्या गल्लीत, आणि दिवस ॲडमिशनचे. हॉल खच्चून भरला. आम्ही खूश, एवढी माणसं आमच्या गाण्यांना कधी आली नव्हती. सगळे सहकुटुंब आलेले, मुला-मुलींना पुढे बसवलेलं. सिनेमाभर कुणी हललं नाही. संपल्यावर दिवे लागले, मी पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो, आणि पहिला हात वर केला तो पांढऱ्या टोपीतल्या एका गृहस्थाने. शेजारी त्यांची मुलगी, मांडीवर पिशवी.

"सर, आम्ही जळकोटहून आलोत," ते म्हणाले. "क्लास चांगला वाटला. रिझल्ट काय हाय तुमचा? मुलींला होस्टेल हाय का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मागून कुणीतरी विचारलं, जार कशाला घातलेत डोक्यात, आणि त्याच्या शेजाऱ्याने समजावलं, "जाहिरातीत आसतंय तसं काहीबी." माझं डोकं सणकलं. म्हटलं, "अहो, हा सिनेमा आहे. त्या पोराला खोक्यात कोंबून वर झाकण लावलं, ते दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की," ते गृहस्थ म्हणाले. "शिस्त कडक हाय. आमाला तेच पायजे."

मुलगी मान खाली घालून पिशवीच्या बंदाला पीळ देत होती. मी ओरडलो, सर. आमच्या गाण्यात ओरडतो त्याहून मोठ्याने. "कसला क्लास? क्लास नाही, होस्टेल नाही, काही नाही. सर मेले!" त्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली. "आरं आरं," ते हळहळले, "कवा?" आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. लातूरच्या क्लासांनी लोकांची एवढी पक्की तयारी करून घेतलीय की बापाने पोराला खोक्यात ठेवलेलं पाहून लोक ॲडमिशन मागतात. मी तुम्हाला जितका क्रूर दाखवला तितके तुम्ही त्यांना चांगले सर वाटत गेलात. यावर मी काय करायचं?

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. तीच ती मांडवातली बारीक आवाजाची मुलगी. आता लातूरात तिचा दवाखाना आहे. तुमचे आणखी दोन विद्यार्थी तिच्याबरोबर होते. तिचे डोळे वाहत होते. "सर हुबेहूब असेच होते," तिने लोकांना सांगितलं, "किती तळमळ होती त्यांना!" मी दात आवळून ऐकलं. मग ती शेवटच्या दृश्याबद्दल बोलली. ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. क्लास सुटतो, बाक रिकामे होतात, सर खोक्याचं झाकण उघडतात आणि आत वाकून बोलू लागतात. कितीतरी वेळ बोलतात. ओठ हलताना दिसतात, पण आवाज नाही, गिटार नाही, काहीच नाही, आणि तसंच सिनेमा संपतो. ती म्हणाली, "तिथली शांतता मुद्दाम ठेवलीत ना? बाप मुलाशी काय बोलला ते तिसऱ्याला कळूच नये म्हणून?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जळकोटच्या गृहस्थांनीही वाजवल्या. मी माइक तोंडाशी घेऊन म्हणालो, "हो. काही बोलणं बापलेकातच राहावं." आणखी टाळ्या.

खोटं बोललो. तिथे वाक्य होतं. "चल ऊठ, जेवून घे," एवढंच, जळकोटच्या बोलण्यातलं, सफारीचं बटण काढल्यावरचं. एवढा सगळा थयथयाट करून झाल्यावर मला तुमच्याकडून तेवढंच हवं होतं, आणि सिनेमा माझा असल्यामुळे ते मी तुमच्याकडून वदवून घेणार होतो. मी माझ्या आवाजात म्हणून पाहिलं, आवाज खाली ओढून पाहिला. ड्रमवाल्याच्या वडिलांकडून म्हणवून घेतलं. आईला हेडफोन लावून एकेक ऐकवलं. ती प्रत्येकाला मान हलवायची, "न्हाई, ह्यो त्यांचा न्हाई." मग कसा होता, म्हटल्यावर तिने सांगायला तोंड उघडलं आणि हेडफोन काढून ठेवला. मामाच्या लग्नाची कॅसेट शोधून काढली. त्यात तुम्ही आहात. मांडवाच्या खांबाला टेकून कुणाशी तरी बोलताय, हसताय, हात हलवून काहीतरी पटवून देताय. पण शूटिंगवाल्याने खालचा सगळा आवाज पुसून वर सिनेमातली गाणी टाकली आहेत, तेव्हा टाकायचे तशी. ड्रमवाल्याने ती कॅसेट पाहून आपल्या धंद्याला शिव्या घातल्या. शेवटी मी ती जागा रिकामी सोडली.

कार्यक्रमानंतर बाहेर टपरीवर ते तिघे तुमची नक्कल करत होते. डॉक्टरीणबाईंनी किंचित नाकातून, प्रत्येक शब्द सुटा करत एक आवाज काढला. दुसऱ्याने, तो औशाला दुकान चालवतो, जाडसर, छातीतून येणारा काढला. तिसऱ्याचा घाईचा, शेवटचं अक्षर गिळणारा. तिघेही हसत होते, एकमेकांना खोडून काढत होते, आपलाच खरा म्हणून भांडत होते. तुमचा आवाज त्यांच्याकडे असा खिशात घालून फिरण्याइतका होता. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर घरातले, तुम्हीच सांगा. कुणाचा बरोबर?" मी चहा सांगायचं निमित्त करून उठलो आणि टपरीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

हे कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. आईलाही वाचून दाखवणार नाही. टपालाचं काम तिने पुरेसं केलंय. घडी करून गिटारच्या पेटीत खाली सारून देईन. तुमच्यावरचा राग आहे तसा आहे, सर, तो लिहून हलका झालेला नाही. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही ती सांगतो. भर मिरवणुकीत, दहा स्पीकर वाजत असताना, कुठल्याचा आवाज फाटतोय ते मी डोळे मिटून सांगू शकतो. नांदेडात माझ्या कानावर लोक पैजा लावतात. त्या दिवशी टपरीवर तिघांपैकी एकाने तुमचा खरा आवाज काढला असणार. मला तो ओळखता आला नाही.